बुद्धी आणि बळ : यंत्रांच्या बुद्धिबळातील एक जुना वाद

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



संयोजकांनी मला ‘संगणक आणि मानवी जीवन’ असा विषय सुचवला होता. तो विषय इतका ऐसपैस आहे की त्यावर तासभर बोलूनही काहीच सांगितले नाही असे होऊ शकते. म्हणून मी त्यांच्याकडून एक लहानसा कोपरा मागून घेतला. बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्राला पुष्कळ पुढचे दिसले पाहिजे, की समोर आहे त्याचा अर्थ नीट कळला पाहिजे, एवढाच हा कोपरा. सत्तर-पंचाहत्तर वर्षे यावर वाद चालला आहे आणि त्यात माझी स्वतःची एक जुनी हार गुंतलेली आहे.

आपल्या शाळेच्या फाटकाबाहेर जो खेळ ‘शतरंज’ होता, तो फाटकातून आत आला की ‘बुद्धिबळ’ होई. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात आमचे गणिताचे सर पट मांडून बसत. त्यांचे नाव मी घेत नाही. व्यासपीठावरून नाव घेतलेले त्यांना कधीच आवडले नाही, आणि येथे बसलेल्या निम्म्या लोकांना ते ठाऊकच आहे. ते दिवस असे होते की राष्ट्रीय महिला अजिंक्यपद जवळजवळ दरवर्षी खाडिलकर भगिनींपैकी कुणाकडे तरी असे आणि सर ते वृत्त वर्गात वाचून दाखवीत. त्यांच्यापाशी एक दोनशे पानी वही होती. तीत त्यांनी अकरा नियम लिहिले होते. हत्ती मोकळ्या पट्टीत असावा. एकामागे एक आलेली दोन प्यादी हे कर्ज समजावे. उंटाने कडेचे प्यादे खाण्यापूर्वी परतीची वाट पाहून ठेवावी. कडेचे प्यादे डावाच्या आरंभी उगाच पुढे ढकलू नये. असे अकरा. आम्ही ते पाढ्यांसारखे पाठ केले होते.

या खेळाला मराठीने दिलेले नाव मोठे मार्मिक आहे. बुद्धी आणि बळ. यंत्रांच्या बाबतीत वाद नेमका या दोन शब्दांमधला आहे.

त्याचा आरंभ क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञापासून करावा लागतो. १९५० साली प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्याने संगणकाला बुद्धिबळ कसे शिकवता येईल याचा आराखडा मांडला. त्या वेळी असा संगणक प्रत्यक्षात नव्हता. इंग्लंडमध्ये अॅलन ट्यूरिंगने तर आपला प्रोग्राम कागदावरच चालवला. १९५२ साली तो स्वतः यंत्र होऊन बसला, एकेका खेळीचा हिशेब हाताने करीत राहिला आणि अॅलिक ग्लेनी या सहकाऱ्याकडून डाव हरला. शॅननचा आराखडा दोन भागांचा होता. यंत्राने पुढच्या खेळ्यांचा शोध घ्यावा, आणि जिथे शोध थांबेल त्या स्थितीला एक अंक द्यावा. वजिराचे नऊ, हत्तीचे पाच, उंट व घोडा यांचे प्रत्येकी तीन, प्याद्याचा एक; दुबळ्या प्याद्यांबद्दल थोडी वजावट, सोंगट्यांना हालचालीला जागा असेल तर थोडी भर. हा अंक म्हणजे यंत्राचे ज्ञान. आणि किती पुढचे पाहिले, ती शोधाची खोली.

आता खोलीचा हिशेब पाहू. साधारणतः एका स्थितीत पस्तीस वैध खेळ्या असतात. एका बाजूची एक खेळी म्हणजे एक पायरी असे धरू. दोन पायऱ्यांनंतर बाराशे पंचवीस स्थिती, चार पायऱ्यांनंतर पंधरा लाख, सहा पायऱ्यांनंतर १८३ कोटी. सहा पायऱ्या म्हणजे दोघांच्या मिळून अवघ्या तीन-तीन खेळ्या. एवढ्यानेच बळाची दमछाक होते.

यावर गणितज्ञांनी एक सुंदर युक्ती शोधली, तिला अल्फा-बीटा म्हणतात. आपण भाड्याचे घर पाहायला जातो. पहिल्याच खोलीत छत गळताना दिसले, आणि याहून बरे घर आपण सकाळीच पाहिलेले असले, तर स्वयंपाकघर पाहण्याची गरज उरत नाही. तसेच, एखाद्या खेळीला प्रतिपक्षाचे एक जरी जबर उत्तर सापडले तरी त्याची उरलेली चौतीस उत्तरे तपासण्याचे कारण नाही. खेळ्या चांगल्या क्रमाने तपासल्या तर १८३ कोटींचे काम सुमारे ८६ हजारांत होते, आणि उत्तर तंतोतंत तेच येते. तरीही प्रत्येक नव्या पायरीमागे काम सुमारे सहापट वाढते. हा सहाचा आकडा कृपया लक्षात ठेवा. माझी हार त्याच्यातच आहे.

शॅननचे स्वतःचे मत असे होते की सर्व खेळ्या तपासणे हा काही मार्ग नव्हे. माणसाप्रमाणे यंत्राने मोजक्या, अर्थपूर्ण खेळ्याच पाहाव्यात. हे मत सर्वांना पटणारे होते. माजी जगज्जेता मिखाईल बोट्विनिक पेशाने विद्युत अभियंता होता. त्याने आयुष्याची कित्येक वर्षे ‘पायोनियर’ नावाच्या अशा प्रोग्रामवर खर्च केली. जगज्जेत्याचे विचार यंत्रात उतरवायचे, याहून मोठा संकल्प कोणता? पण तो प्रोग्राम स्पर्धेत उतरून खेळण्याइतका कधीच पुरा झाला नाही. अर्थपूर्ण खेळी कोणती हे आधीच कळले असते तर शोध कशाला घ्यायचा, हा पेच काही सुटला नाही.

उलट अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डेव्हिड स्लेट आणि लॅरी अॅटकिन यांनी १९७३ साली आपल्या प्रोग्राममधली निवड काढून टाकली आणि सरसकट सर्व खेळ्या तपासायला लावल्या. प्रोग्राम अधिक बलवान झाला. पुढे केन थॉम्पसनने ‘बेल’ नावाचे खास यंत्र बांधले, जे १९८० साली संगणकांचे जगज्जेते झाले. त्याने एक प्रयोग केला तो मला फार आवडतो. त्याने बेललाच बेलशी खेळवले. ज्ञान तेच, फक्त एकीला एक पायरी अधिक पाहण्याची मुभा. एका पायरीचे मोल सुमारे दोनशे मानांकन गुण निघाले. दोनशे गुणांचा फरक म्हणजे बलवान बाजू चारांतले तीन गुण घेऊन जाते. कोणताही नवा नियम नाही, कोणतीही शिकवणी नाही. एक पायरी अधिक, बस्स. खोली वाढत जाते तशी पुढच्या पायरीची मिळकत कमी होत जाते हे नंतरच्या प्रयोगांत दिसले, पण त्या काळी हा निकाल ज्ञानवाद्यांना थप्पड मारल्यासारखाच होता.

बळाचेही एक दुखणे होते. हान्स बर्लिनर या अमेरिकन संशोधकाने त्याला क्षितिज-परिणाम असे नाव दिले. सरांचा उंटाचा नियम आठवा. उंट कडेचे प्यादे खातो, प्रतिपक्षाचे शेजारचे प्यादे एक घर पुढे सरकून त्याची वाट बंद करते, मग राजा सावकाश चालत येतो आणि उंट उचलतो. हे सारे सहा-आठ पायऱ्यांत घडते. चार पायऱ्या पाहणाऱ्या यंत्राला यात केवळ एक फुकटचे प्यादे दिसते. उंट अडकल्यावर ते काय करते, हे तर पाहण्यासारखे असते. मुद्दल बुडणार हे ठाऊक असलेला कर्जदार जसा व्याजावर व्याज भरून वायदा पुढे ढकलतो, तसे ते इकडचे प्यादे दे, तिकडचे दे असे करीत उंटाचा मृत्यू क्षितिजापलीकडे लोटते, आणि दिसत नाही म्हणजे टळला असे समजते. (१९७२ साली रेक्याविकच्या पहिल्याच डावात बॉबी फिशरने असेच कडेचे प्यादे खाऊन उंट अडकवून घेतला होता. सर म्हणत, नियम मोडायचा तर निदान फिशर असावे, आणि असूनही डाव गेलाच.)

म्हणजे सरांचा एका ओळीचा नियम आठ पायऱ्यांच्या शोधाइतके काम करीत होता. हे मला ज्या दिवशी उमगले त्या दिवशी मी हरखून गेलो. नियम म्हणजे पूर्वी कुणीतरी घेतलेल्या, हरून घेतलेल्या, शोधाचे साठवण! मग अकराच्या अकरा नियम यंत्राला शिकवले तर?

नव्वदच्या दशकाच्या आरंभी, नोकरीतून घरी आल्यावर रात्री मी स्वतःचा बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहीत असे. साधा होता, पण खेळत होता. त्याच्यात मी सरांचे नियम एकेक करून घातले. त्यात चार महिने गेले. मग जुनी, केवळ सोंगट्या मोजणारी आवृत्ती आणि नवी, सुसंस्कृत आवृत्ती अशा दोघींना रात्रभर एकमेकींशी खेळायला लावून झोपलो. सकाळी पाहतो तो नवी आवृत्ती बहुतेक डाव हरली होती.

कारण सापडायला वेळ लागला नाही. प्रत्येक स्थितीला अकरा प्रश्न विचारायचे तर वेळ जातो, आणि माझी लिहिण्याची पद्धतही बाळबोध होती. नियमांमुळे वेग पाच-सहा पटींनी घटला होता. सहापट वेग म्हणजे एक पायरी. माझी शहाणी आवृत्ती प्रत्येक खेळीला एक पायरी आखूड पाहत होती, आणि अडाणी आवृत्ती तिला त्या एका पायरीवर गाठत होती. मी नियम काढून टाकू लागलो. एक काढला की प्रोग्राम थोडा सुधारे. अखेर अकरांपैकी चार उरले. आपल्या गुरूचे शब्द एकेक करून पुसावे लागावेत, आणि पुसले की खेळ सुधारावा, ही भावना काही सुखाची नव्हती. कित्येक महिने मी सरांना पत्रच लिहिले नाही.

हीच गोष्ट पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात फार मोठ्या प्रमाणावर घडून गेली होती, हे मला नंतर कळले. तो बर्लिनर, जो पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा जगज्जेता होता, त्याने तेथे ‘हायटेक’ नावाचे यंत्र स्थितीच्या आकृती ओळखण्याच्या ज्ञानावर उभे केले. त्याच विद्यापीठात फेंग-श्युंग शू आणि त्याच्या विद्यार्थी सहकाऱ्यांनी ‘डीप थॉट’ बांधले, ज्याची भिस्त वेगवान चिपवर होती. सेकंदाला सुमारे सात लाख स्थिती. १९८८ साली डीप थॉटने बेंट लार्सन या ग्रँडमास्टरला स्पर्धेत हरवले आणि पुढची वाट वेगाची ठरली. माझी सहानुभूती, अर्थातच, बर्लिनरकडे आहे.

सेवानिवृत्त सरांना भेटायला मी १९९७ च्या उन्हाळ्यात गेलो. डीप थॉटचा वारस ‘डीप ब्लू’ याने त्याच मे महिन्यात न्यूयॉर्कला गॅरी कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी हरवले होते आणि सरांनी वृत्तपत्रांची कात्रणे काढून ठेवली होती. मी चाचरत त्यांना माझी हकिगत सांगितली. त्यांनी एवढेच विचारले, “कोणते चार उरले?” मी सांगितले. त्यांनी मान डोलावली.

मग मी माझ्याजवळची एक स्थिती त्यांच्या पटावर मांडली. गणितज्ञ रॉजर पेनरोज याच्या १९९४ च्या पुस्तकात ती वाचली होती. रचना विल्यम हार्टस्टनची. पांढऱ्याकडे राजा आणि प्यादी एवढेच. काळ्याकडे त्याशिवाय दोन हत्ती आणि एक उंट. पण पांढऱ्याची प्यादी पटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अशी गुंतलेली की काळ्याची एकही सोंगटी पलीकडे येऊ शकत नाही. काळ्याचा एक हत्ती मात्र पांढऱ्याच्या प्याद्याच्या तोंडी उभा आहे. डीप थॉटला ही स्थिती दिली तेव्हा त्याने तो हत्ती खाल्ला. भिंतीतली एक वीट निघाली आणि डाव संपला. माझ्या प्रोग्रामनेही, हे सांगायला नकोच, हत्तीच खाल्ला होता.

सरांनी चष्मा पुसला, पट पाहिला आणि म्हणाले, “राजा मागच्या मागे हलवत राहायचे. बरोबरी.” मग गणिताच्या मास्तरांचा स्वभाव जागा झाला. “पन्नास खेळ्यांत प्यादे हलले नाही, मारामारी झाली नाही, तर डाव बरोबरीत, हा नियम तुझ्या यंत्राला ठाऊक आहे?” मी हो म्हटले. “मग ही बरोबरी दिसायला त्याला शंभर पायऱ्या पाहाव्या लागतील. पस्तीसचा शंभरावा घात किती, काढ पाहू.” थोडे थांबून ते म्हणाले, “मीही शंभर पायऱ्या पाहिल्या नाहीत. मी भिंत पाहिली.”

त्या उन्हाळ्यात आम्ही कास्पारोव्हच्या सामन्याचा दुसरा डाव पुन्हा पुन्हा खेळून पाहिला. डीप ब्लू सेकंदाला वीस कोटी स्थिती तपासत होते, म्हणून हा बळाचा विजय असे सर्वत्र छापून आले होते. ते अर्धेच खरे. १९९६ साली फिलाडेल्फियात हेच यंत्र चार विरुद्ध दोन गुणांनी हरले होते. मधल्या वर्षात वेग दुप्पट झाला हे खरे, पण नव्या चिपमध्ये मूल्यमापनाचे तपशीलही वाढवले गेले. सारे धरून सुमारे आठ हजार. जोएल बेंजामिनसारखे ग्रँडमास्टर त्यासाठी राबले होते. दुसऱ्या डावात वजीर आत घुसवून प्यादी मिळवण्याची संधी यंत्रापुढे होती. यंत्रे हावरट असतात या अनुभवावर विसंबून कास्पारोव्हने तेच गृहीत धरले होते. यंत्राने प्यादी सोडली आणि उंट पटाच्या मध्यावर आणून ठेवला. प्रतिहल्ल्याची दारे बंद झाली. ही खेळी माणसाची वाटली, इतकी की कास्पारोव्हने पुढे उघडपणे संशय व्यक्त केला. पण खरी गंमत शेवटी आहे. त्याने डाव सोडला त्या स्थितीत सतत शह देत बरोबरी साधण्याची वाट शिल्लक होती, असे लगेचच्या विश्लेषणात निघाले. यंत्राला ती दिसली नव्हती, आणि यंत्राला दिसलेच असणार असे धरून कास्पारोव्हने ती शोधली नाही.

सर २००६ साली गेले. त्यांची वही त्यांच्या कन्येने मला दिली. यानंतर जे घडले ते त्यांना पाहायला मिळाले नाही, याची मला खंत आहे, कारण त्यांना ते विलक्षण वाटले असते.

डिसेंबर २०१७ मध्ये डीपमाइंडच्या ‘अल्फाझीरो’ने त्या वेळच्या सर्वांत बलाढ्य प्रोग्रामांपैकी एक असलेल्या ‘स्टॉकफिश’विरुद्ध शंभर डाव खेळले, २८ जिंकले, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. स्टॉकफिश सेकंदाला सात कोटी स्थिती पाहत होता, अल्फाझीरो अवघ्या ऐंशी हजार. त्याला कुणी एकही नियम शिकवला नव्हता, सोंगट्या कशा चालतात एवढेच सांगितले होते. बाकीचे तो काही तासांत स्वतःशी कोट्यवधी डाव खेळून शिकला. सामन्याच्या अटींवर आक्षेप आले, ते रास्तही होते. पण पुढल्या वर्षी सुधारित अटींवर झालेल्या हजार डावांचा निकाल प्रसिद्ध झाला, त्यात अल्फाझीरोने १५५ जिंकले आणि सहा हरले. जवळजवळ नऊशेपट कमी पाहणारा जिंकत होता.

मग बळवाद्यांनीही शस्त्र बदलले. यू नासू या जपानी संशोधकाने २०१८ साली शोगी या जपानी खेळासाठी एक छोटे, चपळ न्यूरल नेटवर्क तयार केले होते. ते २०२० साली स्टॉकफिशने स्वीकारले. वेग घटला, ताकद वाढली. माझ्या अकरा नियमांच्या बाबतीत जे उलटे घडले होते ते येथे सुलटे घडले, कारण या जाळ्याचे मूल्यमापन इतके अचूक होते की गमावलेल्या वेगाची भरपाई होऊन वर उरले. २०२४ च्या आवृत्तीत माणसांनी हाताने लिहिलेले मूल्यमापनाचे सारे नियम स्टॉकफिशमधून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी डीपमाइंडच्या संशोधकांनी एक असे जाळे दाखवले की जे शोध घेतच नाही. स्थिती पाहते आणि एका दृष्टिक्षेपात खेळी सांगते. जलद डावांत माणसांविरुद्ध त्याचे मानांकन ग्रँडमास्टरच्या तोडीचे निघाले.

तर मग ज्ञान जिंकले का? मला तसे सरळ म्हणवत नाही. त्या शोध न घेणाऱ्या जाळ्याला शिकवायला वापरलेली उत्तरे स्टॉकफिशने खोल शोध घेऊन काढलेली होती. स्टॉकफिशचे जाळेही बव्हंशी शोधातून आलेल्या अंकांवर शिकते, शिकले की शोध अधिक चांगला होतो, त्या शोधातून पुढचे जाळे घडते. कालच्या दह्याच्या विरजणाने आजचे दही लागावे, तसे हे चालते. आधी दही की आधी विरजण, हा प्रश्न घरात कुणी विचारीत नाही.

मात्र या नव्या ज्ञानाला शब्द नाहीत. लक्षावधी अंकांच्या त्या जाळ्यात मी उंटाचा नियम शोधून पाहिला. तो तेथे असलाच पाहिजे, कारण जाळे उंट अडकवून घेत नाही, पण कोठे आहे हे मला दाखवता येणार नाही. येथे पालकांना एक सांगावेसे वाटते, कारण माझ्याकडे याबाबत विचारणा होते. मुले फोनवर डाव तपासतात, पडद्यावर उणे दोन असा अंक येतो, आणि मूल म्हणते, “ही चाल चुकली.” का चुकली, असे विचारावे तर उत्तर नसते. डच मानसशास्त्रज्ञ अॅड्रियन द ग्रूट याने १९४० च्या दशकात श्रेष्ठ खेळाडूंचा अभ्यास केला तेव्हा त्याला आढळले की ते इतरांहून फारसे खोल पाहत नाहीत. योग्य खेळी त्यांच्या नजरेत आधी येते. ती नजर अंक वाचून येते असे मला तरी दिसलेले नाही. मुलाला फोन द्या, पण आधी कारण बोलून दाखवायला लावा, चुकीचे का असेना.

सरांची वही आज मी शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. देण्यापूर्वी तिच्यातले अकराही नियम मी आजच्या यंत्रांच्या डावांशी ताडून पाहिले. बहुतेक टिकले आहेत, उंटाचा तर अगदी घट्ट. कडेच्या प्याद्याचा मात्र डळमळला. अल्फाझीरो राजाच्या बाजूचे कडेचे प्यादे खुशाल पुढे, प्रतिपक्षाच्या किल्लेकोटापर्यंत, दामटतो आणि जिंकतो, आणि आता ग्रँडमास्टरही त्याचे अनुकरण करतात. तो वहीतला नववा नियम आहे. त्याच्या समासात मी एक प्रश्नचिन्ह केले आहे. पेन्सिलीने केले आहे.